अजून अर्धा आटा

अप्पा,

तुमच्या नातीची सायकल तडकली. तडकली म्हणजे तुम्हाला वाटेल तशी नाही. पाइप वाकला, वेल्डिंग सुटलं, असलं काही नाही. सीटखालची दांडी ज्या नळीत उतरते त्या नळीच्या तोंडाशी, रंगाच्या आतून, केसाएवढी एक रेघ गेली. ती रेघ मी पाडली. माझ्या हाताने आणि तुमच्या त्या षटकोनी टोकाच्या एलन-कीने पाडली, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडलेली आहे की तुमच्या फोटोवरची धूळसुद्धा पुसलेली नाही. हार चंदनाचा आहे म्हणून तेवढा टिकून आहे. तुम्ही गेलात तेव्हा ही पोरगी रांगत होती. तिच्या पाळण्याच्या कड्या तुम्ही अशा आवळून दिल्या होत्या की पाळणा काढायच्या वेळी सुताराला बोलवावं लागलं. तिला तुम्ही आठवत नाही. तुमचा हात मात्र तिच्यापर्यंत बरोबर पोहोचला.

सायकल कार्बनची आहे. आधी कार्बन म्हणजे काय ते सांगते, कारण हातात घेऊन बघितल्याशिवाय तुम्ही कशावर विश्वास ठेवला नसतात. काळ्या धाग्यांचं कापड असतं, त्याचे थर एकावर एक चिकटवतात, भट्टीत भाजतात आणि त्याची सायकल होते. लोखंड नावालाही नाही. तुमची नात आख्खी सायकल एका हाताने उचलते, भाजीची पिशवी उचलावी तशी. पहिली नोकरी लागल्यापासून तिला ती हवी होती, आणि तिने ती स्वतःच्या कमाईतून घेतली. आम्ही आता घोडबंदर रोडला राहतो, एकोणिसाव्या मजल्यावर. खाली बघितलं की कंटेनर, मेट्रोचे खांब आणि खड्डे. त्या रस्त्यावर ऑफिसच्या दिवशी सायकल काढणं शक्यच नाही, म्हणून तिने ट्रेनर आणला. ट्रेनर म्हणजे लोखंडी पायांचं एक जड यंत्र. सायकलचं मागचं चाक काढायचं, त्या जागी सायकल यंत्रावर चढवायची, अॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, आवळायचा आणि वर बसून पायडल मारायचे. यंत्र पायाला ओझं देतं. समोरच्या स्क्रीनवर घाट आला की मांड्या भरून येतात, घाम गळतो, आणि सायकल जागची इंचभर हलत नाही. हे सगळं आमच्या बाल्कनीत मांडलेलं आहे. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी मी चहाचे कप घेऊन दारात आले आणि तशीच उभी राहिले. काय झालं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, तुझ्या आजोबांनी हे फार पूर्वी करून ठेवलं होतं. तिला वाटलं मी तुमचं कौतुक करतेय.

तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर ती आणखी रागाची गोष्ट. माझा दहावीचा निकाल लागला आणि मामाने मला सायकल दिली. आकाशी रंगाची, पुढे वेताची टोपली असलेली. कोपरला आपल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली ती उभी असायची आणि मी दिवसातून चार वेळा कशाला ना कशाला खाली जाऊन तिची घंटी पुसून यायचे. आधी गल्लीत चालवली, मग बाजारापर्यंत, आणि दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी थेट मोठागावच्या रेतीबंदरापर्यंत. ती दुपार अजून माझ्यासमोर आहे. खाडीच्या कडेला रेतीचे ढीग आहेत, होड्या लागल्यात, ओल्या रेतीचे ट्रक पाणी गाळत उभे आहेत. मी सायकल एका ढिगाला टेकवते. पलीकडे माणकोलीची बाजू दिसतेय, मध्ये पूल वगैरे काही नाही, नुसतं पाणी. होडीतला एक बाप्या मला बघून हाक मारतो, "कोनाची गो पोरी तू? एवऱ्या लांब एकलीच आलीस?" मी म्हणते, कोपरची. तो हसतो आणि परत रेतीला लागतो. एवढंच बोलणं झालं, पण एवऱ्या लांब हे शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते. ट्रकमधून सांडलेल्या रेतीवर घराच्या अलीकडे चाक घसरलं आणि गुडघा फुटला. मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तुम्ही त्या संध्याकाळी ओरडला असतात तर बरं झालं असतं. ओरडणं संपतं. तुम्ही गुडघ्याला औषध लावलंत, कुठे पडलीस ते विचारलंत, मी खरं ते सांगितलं, आणि तुम्ही गप्प झालात. तुमचं गप्प होणं आम्ही वर्षभर बघत होतो. एमआयडीसीत तुमच्या कंपनीत आदल्या वर्षी एका जोडातून गळती झाली होती आणि तुमच्या बरोबरचा फिटर भाजून गेला होता. फ्लँजचा एक बोल्ट ढिला होता म्हणे. तो तुम्ही आवळलेला नव्हता, पाळीही तुमची नव्हती. पण तेव्हापासून तुम्हाला घरात जिकडेतिकडे ढिले बोल्ट दिसायला लागले. नट बसला की इतर माणसं थांबतात. तुम्ही पान्याच्या दांडीवर पाइपचा तुकडा चढवायचात, म्हणजे जोर आणखी लागतो, श्वास रोखायचात आणि म्हणायचात, "अजून अर्धा आटा." आपल्या घरातला एकही नळ आईला एका हाताने उघडता यायचा नाही. लोणच्याची बरणी उघडायला शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची. आई माहेरी गेली की माझ्या वेण्या तुम्ही घालायचात, आणि दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या असायच्या. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुला कसलं एवढं आश्चर्य वाटतंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कंपनीच्या भंगारातून लोखंडी अँगल आणलेत. मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या दगडाशेजारी, दोन दिवस ड्रिल चालू होतं. मला वाटलं भांड्यांची मांडणी करताय. तिसऱ्या दिवशी मी दळण घेऊन आले तर माझी सायकल त्या अँगलांच्या मध्ये उभी. मागचा अॅक्सल दोन्ही बाजूंनी लोखंडात जखडलेला, चाक जमिनीपासून वर, आणि चाकाला टेकवून कन्व्हेयरचा एक जुना रोलर, पायाला ओझं लागावं म्हणून. पुढे ती वेताची टोपली तशीच. तुम्ही हात पुसत म्हणालात, "चालवायची हौस आहे ना? आता कितीही लांब जा." अप्पा, हे वाक्य तुम्ही हसून म्हणाला होतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनी बघायला आल्या. हिच्या अप्पांचं डोकं बघा, पोरगी घरातल्या घरात व्यायाम करणार, असं म्हणून गेल्या. आईने आठवड्याभरात हँडलवर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. आणि त्या पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, मी उभी असताना, तुम्ही टोकदार सेंटर पंच घेतलात आणि नटाच्या बाहेर आलेल्या आट्यांवर हातोडीने घाव घातलेत. आटे चेपले. जो जोड पुन्हा कधीच सोडायचा नसतो त्याला असा पंच मारतात, हे तुम्हीच मला लहानपणी मांडीवर बसवून सांगितलं होतंत. म्हणजे तो नट आता कोणालाच उघडता येणार नव्हता, तुम्हालाही नाही. पुढे मागे पोरगी मोठी होईल, तेव्हा उघडू, एवढीसुद्धा फट तुम्ही ठेवली नाहीत.

आणि दोन वर्षांनी धाकट्या भावाला सायकल घेतलीत. तो स्टेशनला जायचा, कल्याणपर्यंत जायचा, रेतीबंदरावर तर क्रिकेट खेळायला रोजच जायचा. मी एकदाच विचारलं, तर तुम्ही म्हणालात, तो मुलगा आहे. मी इतकी वर्षं हे कुणाशी बोलले नाही, आज विचारते. रेतीचे ट्रक काय त्याला बघून बाजूला होत होते? सांडलेल्या रेतीवर मुलांची चाकं घसरत नव्हती? तुम्हाला भीती वाटत होती हे मला मान्य आहे. पण ती भीती तुम्ही माझ्या एकटीच्या अॅक्सलला आवळलीत, आणि त्याला काळजी असं नाव दिलंत. कोपरची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा घर रिकामं करायला मीच गेले होते. भंगारवाल्याने तुमच्या स्टँडवर पाना लावून बघितला, मग थुंकून ग्राइंडर आणला आणि अँगलच कापले. नट शेवटपर्यंत उघडला नाही. काम तुमचं पक्कं होतं, त्यात वाद नाही. तुमची हत्यारांची पेटी मी घरी आणली. का आणली ते विचारू नका.

मला गेल्या वर्षी डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं आणि रोज घाम गाळा म्हणाले. तुमची नात लगेच म्हणाली, माझा ट्रेनर दिवसभर रिकामाच असतो, तू बस. तिने मला एका शनिवारी सगळं शिकवलं. ती बोलते भराभर, निम्मं इंग्रजीत, पण शिकवायला बसली की तुमच्यासारखीच एकेक गोष्ट हातात धरून दाखवते. म्हणाली, उभं राहून जोर लावायचा नाही. रस्त्यावर सायकल आपल्याखाली डावी-उजवीकडे झुलते, इथे मागून जखडलेली असते, झुलायला जागा नसते, मग सगळा पीळ फ्रेमच्या मागच्या नळ्यांत जातो. बसूनच चालव. हँडलवर कायम टॉवेल टाक, उतरलीस की सगळं पुसून घे, कारण घामातलं मीठ आतले बोल्ट खातं आणि वरून काही दिसत नाही. अॅक्सल ट्रेनरबरोबर ह्या सायकलसाठी आलाय तोच वापरायचा, दुसरा कुठला बसतोय म्हणून ठोकून बसवायचा नाही. सायकल पकडायचा चिमटा कधी फ्रेमच्या नळीवर लावायचा नाही, नळी अंड्यासारखी असते, लांबीत जोर झेलते पण बाजूने दाबलं तर गेली. आणि माझी उंची कमी, म्हणून सीट खाली घ्यावी लागणार. तिने सीटच्या दांडीवर टेपच्या दोन खुणा केल्या, एक तिची, एक माझी. मला एक छोटा पाना दिला. सीटच्या कॉलरवर, म्हणजे दांडी पकडणाऱ्या कड्यावर, बारीक अक्षरांत पाचचा आकडा लिहिलेला आहे, तेवढा जोर झाला की तो पाना आपोआप कट् करतो.

"कट् वाजलं की थांबायचं, आई. त्याच्यापुढे काही नसतं."

मी हो म्हटलं, आणि सगळं तिने सांगितलं तसंच केलं. टॉवेल टाकला, पुसून घेतलं, एकदाही उभी राहिले नाही. फक्त हे एकच ऐकलं नाही. तो पाना माझ्या बोटाएवढा. तो कट् करायचा तेव्हा माझ्या मनगटाला काही जाणवायचंच नाही. जोर लागलाच नाही तर आवळलं कसलं? रोज मी सीट खाली घ्यायची, चालवून झालं की तिच्या खुणेवर परत न्यायची, आणि ती परत नेताना माझ्या डोळ्यांसमोर यायचं की रविवारी पोरगी ह्याच सीटवर बसून खाली कंटेनरांच्या रांगेत शिरणार आहे. मग मी तुमची पेटी उघडायची. तुमची काळी एलन-की, तिच्यावर तुमचाच तो पाइपचा तुकडा. श्वास रोखायचा. अजून अर्धा आटा. तोंडाने म्हणायचे मी, अप्पा, अगदी तुमच्या आवाजात. मग कुठे बरं वाटायचं. मला ते तेव्हा तुमच्याकडून मिळालेलं शहाणपण वाटत होतं. तुमचे जावई एकदा दारातून बघून म्हणाले, आवळतेस की गळा दाबतेस. मी त्यांना स्वयंपाकघरात हाकललं.

मग एका शनिवारी संध्याकाळी ती ट्रेनरवर बसली आणि टिक् असा आवाज यायला लागला. उजवा पाय खाली गेला की टिक्. दुसऱ्या दिवशी तिला लांब जायचं होतं. खाडीवर आता पूल झालाय अप्पा, माणकोलीहून थेट मोठागावला उतरतो. मी तिला कधीतरी रेतीबंदराची गोष्ट अर्धीमुर्धी सांगितली होती, होडीतल्या बाप्यापर्यंतची, स्टँडची नाही. तिने ठरवलं होतं की आई जिथपर्यंत गेलेली तिथे पलीकडच्या बाजूने जायचं. पूल ओलांडून, समोरून. आवाज ऐकल्याबरोबर मी काय केलं असेल? मी तुमची पेटी आणायला आत गेले. ढिलं झालं असणार, दुसरं काय. मी एलन-की घेऊन बाहेर येते तर ती खाली उतरलेली आहे, मोबाइलचा उजेड सीटच्या खाली मारतेय, आणि माझ्याकडे न बघता हात वर करते. "थांब. काहीही आवळू नकोस."

तिने पाकिटातून एक नाणं काढलं आणि नळीवर हलके हलके वाजवत वर गेली. तुम्ही पाइपलाइनवर हातोडीचं टोक आपटून आत गाळ बसलाय का ते ऐकायचात, अगदी तसंच, आणि हे तिला तुम्ही शिकवलेलं नाही. टक्, टक्, टक्, स्वच्छ आवाज. कॉलरच्या खाली पोहोचली आणि आवाज बसला. भद्. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा भद्. मग सीटची दांडी काढली, फडक्याने पुसलं, आणि ती रेघ दिसली. मी पाच बोटांत एलन-की धरून उभी. तिने माझ्या हाताकडे बघितलं, पाइपच्या तुकड्याकडे बघितलं आणि सगळं कळलं तिला.

"कट् वाजल्यावर थांबत होतीस ना?"

थोडं जास्त आवळत होते, आजोबा करायचे तसं, असं मी सांगितलं. एवढासा तो पाना कुठे पुरणार, असंही म्हणाले.

"आजोबा लोखंडावर काम करायचे, आई. लोखंड आधी वाकतं, आपल्याला कळतं. हे वाकत नाही. हे जातं तेव्हा एकदमच जातं."

मी डोळ्यांसमोर पुलाचा उतार बघितला. मागून येणारा ट्रेलर बघितला. तुटलेल्या नळीची टोकं कशी असतात ते मला माहीत नव्हतं, तरी बघितली. घरच्या बाल्कनीत, जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलवर तो टिक् ऐकू आला म्हणून कळलं. रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात, तो कुणाला ऐकू आला नसता. हे मी तिला बोलून दाखवणार होते, पण तेवढ्यात ती मला विचारते आहे, अगदी हळू आवाजात, रागही नाही त्यात. "तू मुद्दाम नाही ना केलंस? मी बाहेर जाऊ नये म्हणून?"

मी नाही म्हटलं. पण ते लगेच म्हटलं गेलं नाही. मध्ये थोडा वेळ गेला, आणि तो वेळ तिने ऐकला. ती आत गेली आणि मी त्या ट्रेनरशेजारी खाली बसले.

तो मधला वेळ का गेला ते तुम्हाला माहीत आहे का? कारण मला खरोखर माहीत नव्हतं. मुद्दाम केलं नाही, हे तर नक्की. पण रोज तो अर्धा आटा घेताना मी काय घट्ट करत होते? सीट? सीट तर कट् वाजलं तेव्हाच घट्ट झालेली असायची. आणि तिथे बसल्याबसल्या मला तुमचा पंच आठवला आणि माझं डोकं भणाणलं. इतकी वर्षं मी समजत होते की मी तुमच्यापेक्षा वेगळी आहे. मी मुलीला पोहायला घातलं, रात्री ट्रेकला पाठवलं, गाडी शिकवली, एकदाही नको म्हटलं नाही. नको म्हणायची मला गरजच नव्हती, कारण तुम्ही माझ्या मनगटात नको ठेवून गेला होतात. मला त्याचीच चीड येते. माझी सायकल तुम्ही जखडलीत, ठीक आहे, मी रडले, मोठी झाले, विसरले. पण माझ्या मुलीची सायकल माझ्याच हातून का? माझ्या बाल्कनीत, माझ्या डोळ्यांदेखत, मी तुमचे शब्द बोलत असताना? तुम्ही मला गॅलरीत चालवायला लावलंत तेव्हा तुम्ही स्टूल घेऊन शेजारी बसायचात, चहा प्यायचात, रोलरला तेल घालायचात. तुम्हाला वाटायचं आपण मुलीसाठी केवढं केलं. मी पायडल मारत समोरच्या भिंतीवरचा ओल धरलेला डाग बघायचे. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, कुठपर्यंत पोहोचलीस म्हणून? माझं उत्तर तयार होतं. रोज तयार असायचं.

तिने चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी मी तिला स्टँडची गोष्ट सांगितली, पंचासकट. ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "आणि तू त्याच्यावर बसायचीस?" मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, मी असते तर हँडलच उपटून फेकलं असतं. तुमच्यावर तुमची नात एवढंच बोलली. माझ्यावर मात्र बरंच बोलली, आणि ते सगळं बरोबर होतं. फ्रेम कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. त्याने तडकलेला भाग घासून काढला, नवे थर चढवले, भाजले, सीटची दांडी नवीन बसवायला लावली. परत आणल्यावर तिने पुन्हा नाणं वाजवलं. मग काही आठवडे ती नुसती ट्रेनरवर चालवत राहिली, दर वेळी उतरली की उजेड मारून, वाजवून बघायची. मी सोफ्यावर बसून त्या आवाजाकडे कान लावायचे. टक्, टक्, टक्. माझ्यासाठी सीट खाली घेणं मी सोडून दिलं होतं. सकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारते, साखर त्यानेही उतरते म्हणतात.

आज रविवार. उजाडायच्या सुमाराला तिने सायकल ट्रेनरवरून उतरवली, मागचं चाक चढवलं आणि मला हाक मारली. मला वाटलं दार लावून घ्यायला बोलावतेय. तिने तो छोटा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सीट तू आवळ." मी म्हटलं, तूच कर, मला भीती वाटते. ती म्हणाली, म्हणूनच. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून, डोक्यावर हेल्मेट. मी पाना लावला. फिरवला. कट् वाजलं. आणि अप्पा, माझं मनगट पुढे गेलंच. इतकं थोडं की तिला दिसलं नसेल. मी दुसऱ्या हाताने पहिला हात धरला आणि पाना काढून घेतला. ती म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं. मग तिने सायकल खांद्यावर घेतली आणि लिफ्टमध्ये गेली. कुठल्या रस्त्याने, कितीला येशील, पाणी घेतलंस का, मी काहीच विचारलं नाही. लिफ्टचं दार बंद होताना ती म्हणाली, रेतीबंदरावरून तुला काही आणू का? मी म्हटलं, रेती.

आता ऊन बाल्कनीत आलंय. ट्रेनर मोकळाच उभा आहे. खालचा रस्ता तुंबायला लागलाय, हॉर्न वरपर्यंत येतायत. ती पुलावर असेल, नाहीतर पूल उतरलीसुद्धा असेल. मी कॉलेजात जायला लागले तेव्हाचं एक मला सकाळपासून आठवतंय. मला यायला उशीर झाला की तुम्ही घरात काही ना काही आवळत बसलेले असायचात. पंख्याचा स्क्रू, स्टोव्हचा बर्नर, दाराच्या बिजागऱ्या, आधीच आवळलेले नळ. आई म्हणायची, तू येईपर्यंत ह्यांनी सगळं घर आवळून ठेवलंय बघ. मला वाटायचं तुम्हाला वेड लागलंय. तुम्ही हाताला काम देत होतात, नाहीतर चप्पल घालून स्टेशनवर येऊन उभे राहिला असतात, हे मला आज कळलं. कळलं म्हणजे माफ केलं असं समजू नका. नळ आवळत बसायचं तर खुशाल बसायचं होतं. पंच मारायचा नव्हता. फोटो मी पुसणार नाहीये अजून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठी लिहायलाही घेतलं नव्हतं. फोन समोर टेबलावर पालथा ठेवलाय. उजव्या हातात पेन आहे तोवर तो उचलता येत नाही, म्हणून लिहितेय. कागद संपत आलाय, अप्पा.